राहून गेलेलं प्रश्नचिन्ह

आत्याच्या पलंगाचं काय करायचं, यावर थोरला आणि त्याची बायको आठवडाभर कुजबुजत होते. कुजबुजत, कारण भिंतीपलीकडे त्याच पलंगावर आत्या झोपलेली असायची.

आत्या म्हणजे थोरल्याच्या वडिलांची बहीण. टेलिफोन ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. थोरल्याची आई लवकर वारली तेव्हा तिने आपलं एका खोलीचं बिऱ्हाड गुंडाळलं आणि भावाच्या घरी येऊन ताई, थोरला आणि धाकटा अशा तिघा भाचरांना वाढवलं. तिघं वाढली, तिघांची तीन घरं झाली. आत्याचं मात्र एकही झालं नाही. काही महिने थोरल्याकडे, काही महिने धाकट्याकडे, आणि दोघांचीही अडचण असली की ताईकडे, अशी ती राहायची. तिला कुणी कधी 'जा' म्हटलं नाही. 'जा' म्हणायची वेळ यायच्या जरा आधीच ती बॅग भरायला घ्यायची.

या वेळी ती धाकट्याकडे निघाली होती. त्याचं शहर बसने तीन तासांवर. इकडे थोरल्याची मुलगी कॉलेजात गेली होती आणि तिला अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी होती. सुतार येऊन मापं घेऊन गेला होता. आत्या निघाली की पलंग बाहेर, टेबल आणि पुस्तकांचे कप्पे आत.

"आणि आत्या परत आली की?" बायकोने विचारलं होतं.

"बाहेरच्या खोलीत सोफा आहे की. उलगडला की पलंगच होतो."

"तिला सांगायचं कोणी?"

"येईल तेव्हा बघू," थोरला म्हणाला आणि कुशीवर वळला.

थोरला एका मोठ्या इस्पितळात एमआरआयच्या मशीनवर कामाला होता. हे मशीन म्हणजे एक अगडबंब लोहचुंबक. त्याच्या खोलीत घड्याळ, किल्ल्या, मोबाईल काहीही चालत नाही. त्यामुळे कामावर आला की फोन लॉकरमध्ये, आणि पेशंटची रांग संपली की मगच बाहेर. त्या दिवशी तो फोन ठेवणार एवढ्यात सुताराचा कॉल आला.

"साहेब, मी निघू का? बाई गेल्या का?"

"विचारून सांगतो."

बायको आत्याला बसवर सोडायला गेली होती. तिला विचारावं म्हणून थोरल्याने फोन उघडला. आतून सिस्टरबाई ओरडत होत्या, "अहो, पेशंटला आत घेतलंय, तो आत्ताच घाबरलाय!" थोरल्याने घाईघाईत लिहिलं, 'आत्या गेली', पाठवलं, लॉकर बंद केलं आणि आत पळाला.

बोलताना प्रश्नचिन्हाची गरजच पडत नाही. वाक्याच्या शेवटी आवाज जरा वर नेला की प्रश्न, खाली सोडला की बातमी. थोरल्याच्या मनात आवाज वर गेलेलाच होता, त्यामुळे बोटांचं काही काम शिल्लक आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. शिवाय त्याच्या फोनवर प्रश्नचिन्ह आकड्यांच्या आड दडलेलं असायचं. ते शोधायला आणखी एक बटण दाबावं लागायचं. तेवढं एक बटण राहून गेलं.

आणि निरोप बायकोला गेलाच नाही. धाकट्याने सकाळी सकाळी फुलाचं चित्र टाकून 'सुप्रभात' केलं होतं, त्यामुळे सगळ्यात वर घरच्यांचा ग्रुप होता. ग्रुपचं नाव 'आपली माणसं'. आत्याचा फोन जुना, बटणांचा, त्यामुळे ती त्यात नव्हती. थोरल्याने लिहिलं ते तिथे.

पुढे काय काय झालं ते थोरल्याला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि प्रत्येक तुकडा कळला तेव्हा त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

पहिल्यांदा वाचलं ताईने. आत्या त्या दिवशी धाकट्याकडे निघणार आहे, हे तिला कुणी कळवलंच नव्हतं. तिला माहीत होतं ते एवढंच, की दोन दिवसांपूर्वी आत्याला चक्कर आली आणि थोरल्याने तिला इस्पितळात नेलं. तपासणीत काही निघालं नव्हतं. पण 'काही निघालं नाही' हे कुणाच्या लक्षात राहत नाही, 'इस्पितळात नेलं' हे राहतं. ताईने एक किंकाळी फोडली आणि ग्रुपवर लिहिलं, 'अरे देवा! अशी कशी गेली रे!'

मग धरण फुटलं. चुलते, मामेभाऊ, कोण कुठल्या मावस नात्यातले, ज्यांनी आत्याला कित्येक वर्षांत फोनसुद्धा केला नव्हता, ते सगळे हात जोडून उभे राहिले. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'माऊली गेली.' कुणीतरी आत्याचा जुना फोटोही शोधून टाकला. धाकट्याला खरं तर माहीत होतं की आत्या आज बसने येणार. पण त्याने ग्रुप उघडला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला तो फोटो, खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि मग कुठे वर दादाचा निरोप. निघायच्या गडबडीतच काहीतरी झालं असणार, असं त्याने गृहीत धरलं. त्याने बायकोला हाक मारली आणि गाडी काढली.

थोरल्याची बायको तेवढी या सगळ्यात नव्हती. वर्षापूर्वी ताईने 'सासरी सुनेने कसं वागावं' असा एक लांबलचक लेख ग्रुपवर टाकला होता आणि बायकोने त्याच क्षणी ग्रुप सोडला होता. आत्याला बसवर बसवून ती आपल्या कामावर, औषधांच्या दुकानात, नुकतीच पोहोचली होती. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"अगं, आत्या गेली?" रडून रडून ताईचं नाक चोंदलं होतं.

"हो ताई, गेली. मीच होते ना शेवटपर्यंत." समोर गिऱ्हाईक उभं होतं, बायकोचं अर्धं लक्ष गोळ्यांच्या पाकिटाकडे.

"त्रास नाही ना झाला तिला?"

"छे! जरा मळमळत होतं, तर गोळी दिली. मग एकदम शांत. खिडकीपाशी बसली."

"बसल्या बसल्याच का गं?" ताईला हुंदका आवरेना. "जाताना काही बोलली?"

"म्हणाली, सगळ्यांना त्रास दिला. मी म्हटलं, असं काय बोलता? ताई, तुम्हाला सर्दी झालीय का? आवाज कसा येतोय. वाफ घ्या. इथे गर्दी आहे, मी नंतर बोलते हं."

फोन बंद झाला. ताई नवऱ्याला म्हणाली, "बघितलंत? माणूस जाऊन तास झाला नाही आणि ही दुकानात गोळ्या विकतेय! मला म्हणते वाफ घ्या!"

बायकोने तेवढ्यात सुताराचाही फोन घेतला. "हो, गेल्या त्या. करा सुरुवात. किल्ली शेजारी ठेवलीय."

ताई आणि दाजी त्याच शहरात राहत असल्याने सगळ्यांच्या आधी तेच पोहोचले. जिन्यात त्यांना आत्याचा पलंग भेटला. उभा केलेला, चारी पाय भिंतीकडे करून. दार उघडं, आत सुतार गादी गुंडाळत होता.

"हे काय चाललंय?" दाजींनी दरडावलं.

"बाई गेल्या ना, म्हणून खोली मोकळी करतोय."

"कोणी सांगितलं?"

"साहेबांनी. ते तर आठवडाभर मागे लागले होते. म्हणाले, बाई गेल्या की लगेच या, उशीर नको."

ताईला भोवळ आली. दाजींनी तिला धरलं आणि गुंडाळलेल्या गादीवरच बसवलं. सुतार पाणी घेऊन आला. आपण नेमकं काय केलं हे त्याला कळत नव्हतं, पण काहीतरी भयंकर केलं एवढं कळत होतं. त्यामुळे तो हातोडी पाठीमागे लपवून कोपऱ्यात उभा राहिला.

इकडे थोरला काम संपवून लॉकरशी आला तेव्हा दुपार झाली होती. फोनवर निरोपांचा खच पडला होता. त्याने शेवटचा निरोप उघडला. आत्याचा फोटो होता, टेलिफोन ऑफिसातला, कानाला यंत्र लावलेला, हसरा. खाली लिहिलं होतं, 'आपल्या लाडक्या आत्याला अखेरचा निरोप.'

 तो लॉकरसमोरच्या बाकावर बसला. बस उलटली, हा पहिला विचार. मग, चक्कर आली होती आणि आपण तिला एकटीला पाठवलं. मग काहीच विचार नाही. तापात रात्र रात्र कपाळावर ठेवलेला तिचा हात त्याला आठवला. आज सकाळी ती पाया पडायला वाकू देत नव्हती, "उशीर होतोय, जा तू" म्हणत होती, आणि तो खरंच गेला होता, तेही आठवलं. तो ओंजळीत तोंड खुपसून ढसाढसा रडला. एक वॉर्डबॉय आत आला आणि आवाज न करता उलट्या पावली गेला.

कधी झालं, कसं झालं ते बघावं म्हणून डोळे पुसत तो निरोप मागे मागे सरकवू लागला. श्रद्धांजलीमागून श्रद्धांजली, ताईची किंकाळी, आणि तिच्याही वर, सगळ्यांच्या मुळाशी, त्याचा स्वतःचा निरोप. 'आत्या गेली'.

त्याला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्याच क्षणी पाचावर धारण बसली. त्याने लिहायला घेतलं. या वेळी चिन्हाचा घोळ करायचा नाही, असं ठरवून त्याने आकड्यांची बटणं उघडली, उद्गारचिन्ह शोधलं आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर वाचलं तर तिथे होतं, 'आत्या जिवंत आहे?'

लगेच उत्तरं आली. 'त्याला धक्का बसलाय. कुणीतरी जवळ राहा.' 'दादा, सत्य स्वीकारायला हवं.' एका चुलत्यांनी मरण अटळ असल्याबद्दल लांबलचक मजकूर पाठवला. थोरल्याने ताईला फोन लावला, पण पलीकडे नुसतं रडणं. ताईला त्याचा आवाज ऐकून आणखीच भरून आलं होतं. शेवटी त्याने फोन खिशात टाकला आणि घराकडे धाव घेतली.

घरात सुताराने काढलेलं सामान पसरलं होतं. धाकटा आणि त्याची बायको नुकतेच गाडीने येऊन पोहोचले होते. थोरला दारात दिसताच धाकट्याने त्याला मिठी मारली.

"दादा, मी तिला कायमची ठेवून घेणार होतो रे! या वेळी तिला परत पाठवणारच नव्हतो!"

धाकट्याच्या बायकोने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. हा बेत ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"अरे, सोड. ऐक. आत्या जिवंत आहे."

"हो दादा. आपल्या मनात ती कायम जिवंत राहील."

"मनात नाही रे, बसमध्ये!" थोरला ओरडला.

 दाजींनी पुढे होऊन त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. थोरल्याने तो झटकला आणि भडाभडा सांगून टाकलं. सुताराचा फोन, सिस्टरबाईंची हाक, चुकीचा ग्रुप. "प्रश्न होता तो! मी विचारत होतो! आत्या गेली का, असं. नुसतं एक प्रश्नचिन्ह राहिलं हो!"

मरणाची बातमी खोटी ठरली की माणसं आनंदाने नाचतात असं कुणाला वाटत असेल, तर ते तसं नसतं.  ताईने डोळे पुसले आणि ती थोरल्यावर कडाडली, "अक्कल गहाण टाकलीस का?" दाजी पुटपुटले की त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा फुकट घालवली. धाकट्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला खरा, पण 'कायमची ठेवून घेणार होतो' हे वाक्य अजून खोलीत तरंगत होतं आणि ते कुठे उतरवावं हे त्याला कळत नव्हतं.

"मग बाई आत्ता आहेत कुठे?" सुताराने कोपऱ्यातून विचारलं.

धाकट्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. खिशात त्याच्या घराची किल्ली होती.

"कुलूप आहे," तो हळूच म्हणाला. "आणि वाटेत तिचा फोन आला होता."

"मग?"

"नाव दिसलं 'आत्या'. ही किंचाळली. मी गाडी बाजूला घेतली आणि कट केला. गेलेल्या माणसाचा फोन कोण उचलेल, ताई?"

थोरल्याने आत्याला फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. तिने लगेच उचलला.

"बोल रे. मी धाकट्याच्या दाराशी बसलेय. कुलूप आहे. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाई म्हणतात, त्यांच्याकडे कुणीतरी गेलंय, सगळे तिकडे धावलेत. कोण गेलं रे?"

 ताईला राहवलं नाही. ती फोनवर वाकून ओरडली, "आत्या, तू आहेस गं! तू आहेस!"

 आत्या म्हणाली, "म्हणजे गेलेली ती मीच का?"

गाडी पुन्हा तीन तासांच्या रस्त्याला लागली. धाकटा चालवत होता, शेजारी त्याची बायको, मागे ताई आणि थोरला. दाजी घर सांभाळायला मागे राहिले, म्हणजे पलंग सांभाळायला. मध्येच एकदा ताईने विचारलं, "सुतार आठवडाभर आधी ठरवला होतास?" थोरला खिडकीबाहेर बघत राहिला.

आत्या जिन्याच्या वळणावर शेजारणीने दिलेल्या खुर्चीत बसली होती. पायाशी बॅग, हातात रिकामा कप. पदर नीट घेतलेला, केस चापूनचोपून बसवलेले. चौघं जिना चढून वर आली आणि तिच्यापुढे शाळेत उशिरा पोहोचलेल्या मुलांसारखी उभी राहिली. धाकट्याच्या बायकोने कुलूप उघडलं, पण आत्या उठली नाही.

"कोण कोण आलं होतं?" तिने विचारलं.

"सगळे," धाकटा म्हणाला. "म्हणजे येणार होते. सगळ्यांना फार वाईट वाटलं गं."

"रडलं कोण?"

"मी," ताई म्हणाली. "मला तर चक्कर आली."

"मीही," धाकटा म्हणाला. "गाडी चालवताना दिसत नव्हतं."

आत्याच्या ओठांवर हसू आलं. तिने थोरल्याकडे पाहिलं. तोही रडला होता, पण ते सांगायचा हक्क आपल्याला नाही असं त्याला वाटलं. तो घाईघाईने म्हणाला, "आत्या, माझी चूक. पण तसं काही नव्हतं गं. मी बातमी दिलीच नव्हती. मी नुसतं विचारत होतो. 'आत्या गेली का?' एवढंच. पुढचं चिन्ह राहिलं आणि बघ ना, एवढं रामायण झालं."

तो हसला. धाकटाही हसला. आत्या हसली नाही.

"विचारत होतास," ती म्हणाली.

"हो."

"मी टेलिफोनवर असताना लोक म्हणायचे, 'फोन लागला'. आवाजावरूनच कळायचं, हा विचारतोय की सांगतोय." ती कपातल्या गाळाकडे बघत होती. "मी गेल्याची बातमी तू दिलीस असं फोनवर कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. म्हटलं, चुकलं असेल पोराचं काहीतरी. पण तू विचारत होतास. मी घरातून निघून फार तर अर्धा तास झाला असेल. एवढी कसली घाई होती रे?"

 थोरल्याला सांगण्यासारखं पुष्कळ सुचलं. काळजी वाटत होती म्हणून. चक्कर आली होती म्हणून. ताईने मान खाली घातली होती. तो काहीही बोलला असता तरी तिने त्याला उघडं पाडलं नसतं. पण समोर आत्या बसली होती, आणि लहानपणी तिच्यासमोर त्याला कधी खोटं बोलता आलं नव्हतं.

"सुतार यायचा होता," तो म्हणाला. "तुझ्या खोलीत पोरीला अभ्यासाला टेबल करायचंय. पलंग काढायचा होता."

"मग मला सांगायचं. मी हात लावला असता."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"म्हणून मी गेल्यावर," आत्याने वाक्य पुरं केलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर थोरल्याला बरं वाटलं असतं.

"आत्या, तू आता इथेच राहा," धाकटा एकदम म्हणाला. "कायमची." बोलून झाल्यावर त्याने बायकोकडे पाहिलं. बायको किल्ली पर्समध्ये ठेवण्यात गुंतली होती. तिला किल्ली ठेवायला बराच वेळ लागला.

आत्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. "घाबरू नकोस गं. नाही राहत."

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि कुणीतरी धापा टाकत जिना चढू लागलं. आत्याची टेलिफोन ऑफिसातली मैत्रीण होती. जाडजूड भिंगांचा चष्मा, हातात छत्री, आणि आवाज असा की जुन्या काळी यंत्राशिवायसुद्धा लांबच्या गावाला पोहोचला असता. ती याच शहरात एकटी राहायची. कितीतरी वर्षं ती आत्याला 'ये माझ्याकडे राहायला' म्हणत होती आणि आत्या म्हणायची, 'तीन तीन भाचरं असताना परक्याकडे राहिले तर पोरांना काय वाटेल?'

वर येऊन मैत्रीण कठड्याला धरून उभी राहिली. आत्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि छत्री आपटली.

"दुपारी तुझ्या या ताईने फोन करून सांगितलं, तू गेलीस म्हणून. मी जेवले नाही. तुझ्या नावाने इतकी रडले की चष्मा सापडेना. आणि मग तूच फोन करून सांगतेस, दाराशी बसलेय म्हणून! आता येतेस का माझ्याकडे, की पुन्हा एकदा मरायची वाट बघू?"

"येते," आत्या म्हणाली आणि उठली.

एवढं सोपं होतं ते. तिघं भाचरं बघतच राहिली. ताई म्हणाली, "असं काय करतेस आत्या, लोक काय म्हणतील?" आत्या म्हणाली, "लोकांनी सकाळीच म्हणून घेतलंय सगळं. चांगलं चांगलं म्हटलंय. आता तेवढ्यावर भागवू."

बॅग थोरल्याने उचलली. ती इतकी हलकी होती की तो जिन्यात क्षणभर थांबला. कितीतरी महिन्यांचा संसार, आणि एका हातात मावत होता. खाली मैत्रीण रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होती. आत्या आत बसली, बॅग मांडीवर घेतली. थोरला रिक्षाच्या दांड्याला धरून वाकला. त्याला माफी मागायची होती, पण ओठांवर भलतंच आलं.

"गोळ्या घेतल्यास ना?"

"घेतल्या." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "टेबल कुठे लावणार आहात?"

"भिंतीला. पलंग होता तिथे."

"तिथे नको. अंधार पडतो तिथे दुपारनंतर. खिडकीपाशी लाव, उजेड डाव्या बाजूने येईल असं. पोरीचे डोळे माझ्यासारखे व्हायला नकोत." मग काहीतरी आठवल्यासारखं म्हणाली, "आणि कप्पे जरा खाली घ्यायला सांग. तिचा हात पोहोचत नाही."

रिक्षा निघाली. मैत्रिणीचा मोठा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता, आणि मध्येच, सगळ्यांना परका वाटावा असा, आत्याचा खळखळून हसण्याचा आवाज.

वर शेजारीण खुर्ची आत न्यायला बाहेर आली होती. तिने कठड्यावरून वाकून विचारलं, "गेल्या का हो बाई? मोठ्या मायाळू होत्या. मी त्यांना तुमच्या त्या गेलेल्या आत्याबद्दल वहिनींकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. बिचारी कशी तीन घरं फिरत होती, आली की तुमची कशी तारांबळ उडायची, सगळं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हो ऐकून. कोण लागत होत्या त्या तुमच्या?"

धाकट्याच्या बायकोने डोळे मिटून घेतले. ताई पाठमोरी झाली. थोरल्याने मान वर करून त्या बाईकडे पाहिलं. ती उत्तरासाठी थांबली होती, मनापासून, कसलाही खोचकपणा नसलेली.  शेवटी तो म्हणाला, "आई," आणि गाडीकडे चालू लागला.